घोडीच्या कानांनी ऐकलेलं नागपूर: मुलांसाठी ऐतिहासिक साहसकथा कशी लिहावी

झिरो माईलच्या खांबाजवळचे चार घोडे नागपुरातल्या बहुतेक मुलांनी बसच्या खिडकीतून पाहिलेले असतात. सुट्टीतल्या लेखनवर्गाच्या पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन मी एकदा तिथे गेले होते. एका मुलाने विचारलं, "मॅडम, याले इथून काय काय दिसलं असन?" त्या प्रश्नातून मी घोड्याच्या तोंडून सांगितलेली गोष्ट लिहायला घेतली. पहिला खर्डा मुलांना वाचून दाखवला, तेव्हा त्यातली घोडी म्हणत होती, "१८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने..." (आप्पासाहेब म्हणजे तेव्हाचे नागपूरचे राजे.) एक मुलगी हात वर करून म्हणाली, "घोडीले तारीख कशी समजली?"

त्या मुलीचं बरोबर होतं. मी इतिहासाच्या पुस्तकाला चार पाय लावले होते. पुढची दोन वर्षं त्याच गोष्टीवर काम करताना जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. तुम्ही शिक्षक असाल, आई-बाबा असाल किंवा पहिल्यांदाच मुलांसाठी लिहीत असाल, तर याच क्रमाने गेलात तरी चालेल.

आधी दिवस निवडा, लढाई नंतर

ऐतिहासिक म्हटलं की आपला हात आधी लढाईकडे जातो. नागपूरकरांसमोर तर सीताबर्डीची टेकडीच उभी आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथे तोंड लागलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लढाई चालली. भोसल्यांच्या बाजूने अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली होती. रेसिडेन्सीच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीच्या, आवारातून इंग्रजांच्या घोडदळाने केलेल्या हल्ल्याने पारडं फिरलं. घोड्याच्या गोष्टीला हे मैदान आयतं वाटतं. अडचण अशी की लढाईत घोडा स्वतः काहीच ठरवत नाही. स्वार टाच मारतो आणि घोडा धावतो. साहसकथेच्या नायकाला निदान एक निर्णय स्वतःचा हवा.

दुसरा पर्याय बंगालच्या स्वाऱ्यांचा. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसात जात राहिल्या. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ पदरात पडली. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचं घोडं घेऊन येणारा तो शिलेदार. आपल्या 'बारगीर' शब्दाचंच बंगालीत 'बर्गी' झालं, आणि तिथल्या अंगाईगीतात आया बाळांना अजून त्या बर्गींचं नाव सांगतात. आपला लाडका घोडा ज्या गावात शिरतो, तिथली पोरं त्याला पाहून आईच्या पदराआड लपतात. हा विषय फार मोलाचा आहे, पण तो लिहायचा तर लूट आणि जाळपोळ झाकून चालणार नाही. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी तो जरूर घ्या.

मी शेवटी तिसरा दिवस घेतला. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. त्यांना मुलगा नव्हता. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. वाड्यातले दागदागिने कलकत्त्याला गेले आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात विकले गेले. राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बांकाबाईंनी या सगळ्याला विरोध केला, पण तो टिकला नाही. लिलावात विकलेली एखादी घोडी रात्री दोर तोडून महाल या जुन्या वस्तीतल्या आपल्या पागेकडे, म्हणजे तबेल्याकडे, परत निघाली तर? इथे निर्णय घोडीचा आहे आणि वाटही तिनेच शोधायची आहे. गोष्ट एका दिवसाची आणि एका रात्रीची, अंतर लहान, आणि वाचणारं मूल आजही ती वाट पायी चालू शकतं. तुमचा विषय कोणताही असो, ही चाचणी लावून पाहा: घोडं कुठे स्वतः ठरवतं? त्याचं उत्तर सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

तिला काय माहीत आहे, त्याची वही

एक साधी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे घोडीला माहीत असलेलं, उजवीकडे फक्त माणसांना माहीत असलेलं. माझ्या वहीत डावीकडे होतं: चंदी (घोड्याचा दाणा), तोबरा (दाण्याची तोंडाला बांधायची पिशवी), खरारा (अंग घासणं), नालबंदाच्या ऐरणीचा आवाज, मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) हात, पागेच्या दारातला उंबरा, विहिरीच्या आणि नदीच्या पाण्यातला फरक, शेजारच्या घोड्याचं फुरफुरणं. उजवीकडे होतं: राज्य, वारस, खालसा, रेसिडेंट, लिलाव, साल, महिना.

उजवीकडचा एकही शब्द घोडीने स्वतःहून उच्चारायचा नाही, हा पहिला नियम. पण पागेत वाढलेल्या जनावराला माणसांचे रोजचे शब्द कानावरून ओळखीचे असतात, त्यामुळे डावीकडचे शब्द तिने बिनधास्त वापरावेत. काही लेखक घोड्याच्या तोंडी तोफेला 'गुरगुरणारा काळा बैल' वगैरे म्हणायला लावतात. एकदा चालतं. दर पानावर असं आलं की मूल गोष्ट सोडून कोडी सोडवायला लागतं.

मग इतिहास मुलापर्यंत पोचणार कसा? ऐकलेल्या बोलण्यातून. घोडी समोर उभी आहे म्हणून माणसं बोलायची थांबत नाहीत. दोन पहारेकरी तिच्याजवळ बसून कुजबुजतात आणि ती ते जसंच्या तसं सांगते, अर्थ न लावता. अर्थ मूल लावतं. आपल्याला समजलं आणि घोडीला अजून समजलेलं नाही, या जाणिवेने मूल पुढे सरसावून बसतं. मला या प्रकारच्या लेखनातली सगळ्यात मोठी गंमत इथेच वाटते.

खऱ्या घोड्यापाशी बसा

पुस्तकातून घोडा कळत नाही. नागपुरात आता टांगे दिसत नाहीत म्हणावं इतके कमी झाले, पण वरातीच्या घोड्या आहेत. लग्नसराई संपल्यावर मी एका घोडीवाल्या काकांची परवानगी घेऊन सलग चार सकाळी त्यांच्या घोडीजवळ स्टूल टाकून बसले. दूरच, आणि कधीही तिच्या मागच्या बाजूला नाही. मुलांना नेणार असाल तर हे आधी सांगा.

पहिल्या सकाळी काकांनी माझ्यासाठी चहा आणला. घोडी डोळे अर्धे मिटून, एक मागचा पाय सैल सोडून उभी होती. मला वाटलं, झोपली. कपबशी टेकताना किणकिण झाली, आणि तिचा डावा कान, फक्त डावाच, माझ्याकडे वळला. उजवा रस्त्याकडेच राहिला. मग गल्लीच्या टोकाला काकांच्या मुलाची सायकल आली असावी. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तिचे दोन्ही कान तिकडे गेले आणि नाकातून हलका फुरफुराट निघाला. मुलगा दिसायला त्यानंतर बराच वेळ लागला. माझ्या गोष्टीतली तीन पानं त्या दोन कानांवर उभी आहेत.

तुम्ही बसाल तेव्हा फक्त कान लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी फक्त नाक आणि ओठ. तिसऱ्या दिवशी पाय. एकाच वेळी सगळं टिपायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

तिचे डोळे, तिचं नाक

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर, तोंडाच्या खाली आणि थेट शेपटीमागे दिसत नाही. म्हणजे तोबऱ्यातला हरभरा घोडीला दिसत नाही. ओठ आणि ओठांवरचे राठ केस तो शोधतात. समोरून येऊन कुणी एकदम कपाळावर हात ठेवला तर ती दचकेल. जाणता माणूस बाजूने येतो आणि खांद्याला हात लावतो. गोष्टीतला चांगला माणूस आणि नवखा माणूस एवढ्यावरून मुलाला वेगळा कळतो, वेगळं वर्णन लागत नाही.

घोड्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा मात्र एकमेकांसारखेच. माझ्या पहिल्या खर्ड्यात घोडीने लाल पागोटं लांबून ओळखलं होतं. ते काढावं लागलं. आता ती त्या माणसाला जोड्यांच्या करकरीवरून ओळखते, आणि प्रसंग आधीपेक्षा चांगला झाला. अंधारात घोड्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं, पण उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. रात्रीच्या पाठलागात मशाल समोर आली की काही क्षण ती आंधळी, हे साहसासाठी फार कामाचं आहे.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, म्हणून 'तोंड उघडून धापा टाकत' असं लिहू नका. नाकपुड्या फुगतात, बरगड्या भात्यासारख्या चालतात, मानेवर आणि मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस येतो. त्याला ओकारीही होत नाही, म्हणून पोटदुखी जिवावर बेतू शकते आणि मोतद्दार पोटदुखीला इतका घाबरतो. तो उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी थोडा वेळ आडवा होतोच, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय आडवा होत नाही. विकली गेलेली घोडी नव्या जागी पहिली रात्र आडवी होत नाही. एवढं एक वाक्य लिहिलं की तिला परकं वाटतंय हे सांगायला नको. दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागतं, तेव्हा दिवसभर धावलेल्या घोडीला पाण्याचा एकही प्रसंग न देणं म्हणजे चूकच.

मराठीने दिलेल्या सोयी

मराठीत 'मी' बोलायला लागला की क्रियापदच लिंग सांगतं. मी धावलो की धावले, हे पहिल्या वाक्यात ठरतं. घोडी घेतली तर पानभर 'गेले, आले, थांबले' असा एक मऊ सूर लागतो, घोडा घेतला तर वेगळा. शिंगरू मात्र नपुंसक. म्हणून मी घोडीचं बाळपण असं लिहिलं: "मी पडलं. मी उठलं. परत पडलं." पुढे कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून मोतद्दार तिला 'चांदणी' म्हणतो, आणि त्या क्षणापासून ती 'मी आले' म्हणायला लागते. मुलांना हा बदल कुणी दाखवून द्यावा लागला नाही. वर्गात एक जण लगेच म्हणाला, "आता ती मुलगी झाली."

चालीचंही तसंच. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची असते, दुडकी दोन ठोक्यांची, दौड तीन ठोक्यांची आणि भरधाव पुन्हा चार, पण घाईचे. आता 'तबडक' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा: त-ब-डक. तीन ठोके. आपल्या आज्या-पणज्यांनी दौडीचा आवाज कानाने अचूक पकडला होता. वाक्यंही तशीच बांधा. चालताना लांब, संथ वाक्यं. दुडकीत दोन दोन शब्दांचे तुकडे: "पूल गेला. झाड गेलं. वास आला." दौडीत तीन तीन. मोठ्याने वाचणाऱ्याचा श्वास आपोआप घोडीसारखा चालायला लागतो.

घोडीची स्वतःची भाषा मी साधी प्रमाण मराठी ठेवली आहे, कारण ती गोष्ट सांगते आहे. माणसं मात्र इथलीच बोलतात. मोतद्दार तिला म्हणतो, "भेऊ नको बापा, मी आहो ना." हे वाक्य पुण्याच्या मराठीत लिहिलं असतं तर आमच्या वर्गातली पोरं त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार झाली नसती.

पागेचे शब्द गाळू नका. अगाडी-पिछाडी, मोहरकी (तोंडावरची दोरी), रिकीब (पाय ठेवायची कडी), खोगीर, चाबूकस्वार (घोडा शिकवणारा). एका पानावर एकच नवा शब्द आणा आणि तो कामात दाखवा. "पिछाडी सोडली तसा मागचा पाय हलका झाला" असं लिहिलं की पिछाडी म्हणजे मागच्या पायांचा दोर, हे मुलाला कळतं. तळटीप लागत नाही.

वाट पायाखाली घाला

माझी घोडी लिलावानंतर नागनदीच्या दक्षिणेला, सक्करदऱ्याकडे नेली जाते. रात्री तिला नदी ओलांडून महालात यायचं आहे. मी ती वाट सकाळी सहाला चालले, मग पावसाळ्यात रात्री आठला पुन्हा. आजच्या नागनदीचं पाणी पाहून मन खट्टू होतं, पण काठाचा उतार, वळणं, पूर आल्यावरचा आवाज अजून कळतो. महालात शिरताना गांधी गेटची कमान आहे. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जवळच शुक्रवारी तलाव, ज्याला आता आपण गांधीसागर म्हणतो. कमानीखाली उभं राहून टाळी वाजवा. नालांचा आवाज तिथे कसा बदलत असेल, ते ऐकू येतं.

काळाच्या चुका इथेच टाळायच्या. १८५० च्या दशकातल्या गोष्टीत आगगाडीची शिट्टी नको, रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये आली. एम्प्रेस मिलचा भोंगा नको, ती १८७७ ची. अजब बंगला, म्हणजे आपलं संग्रहालय, १८६३ चा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे आपल्याला अनादि काळापासूनचे वाटतात, पण ते १८८० च्या दशकातले आहेत. मी भाद्रपदातल्या प्रसंगात मारबतीची मिरवणूक हौसेने घातली होती आणि काढताना वाईट वाटलं. झिरो माईलचा खांब १९०७ चा, म्हणजे जिथून ही गोष्ट सुचली तीच जागा गोष्टीत येऊ शकत नाही.

शस्त्रं, जुनी चित्रं पाहायला अजब बंगल्यात अर्धा दिवस काढा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतात तेव्हा वर जाऊन शहर कुठल्या दिशेला कसं पसरतं ते एकदा नीट बघून घ्या.

एक प्रसंग, लिहून

नियम सांगण्यापेक्षा लिलावाचा तुकडा दाखवते. यातला हळदहात्या म्हणजे तिचा मोतद्दार, ज्याच्या हाताला हळदीचा वास येतो.

"आज खरारा दोनदा झाला. दोनदा खरारा म्हणजे सण. पण हळदहात्याने तोबरा अर्धाच भरला आणि माझ्या मानेला कपाळ टेकून तो बराच वेळ उभा राहिला. त्याचा चेहरा ओला होता. मी चाटला, खारट लागला. मग आम्हाला ओळीने बाहेर नेलं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या अबलखाला दोन वेळा चालवून दाखवलं, तो लंगडला, माणसं हसली. एका जाड माणसाने माझा ओठ वर केला आणि अंगठा आत घातला. अंगठ्याला लोखंडाची चव होती. 'वय झालं हिचं,' तो म्हणाला. कुणीतरी लाकडावर लाकूड आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझा दोर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. 'जा बापा,' हळदहात्या म्हणाला, 'तुले चंदी देतीन ते.' दुसऱ्या हाताला हळदीचा वास नव्हता."

यात लिलाव, राज्य, इंग्रज असा एकही शब्द नाही. माणसांना नावं नाहीत, ती त्यांच्या वासाने ओळखली जातात. दुःख हा शब्दही नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात 'मला खूप वाईट वाटलं' असं वाक्य सापडलं तर ते खोडा आणि त्या जागी घोडी अंगाने काय करते ते लिहा: चंदीला तोंड लावत नाही, जमीन खुराने उकरते, वाऱ्याच्या दिशेला मान फिरवते.

पुढची रात्र मी आठ प्रसंगांत बांधली. दोर, कुंपण, कुत्री, मशाल, नदीचा पूर, पहारा, कमान, पागा. प्रत्येक प्रसंग साधारण चारशे शब्दांचा. प्रत्येकात एक अडचण, आणि ती घोडीने घोडीसारखीच सोडवायची. गाठ दातांनी सुटते, पण कुलूप उघडत नाही. नदीपाशी ती तीन वेळा मागे फिरते, कारण तळ न दिसणाऱ्या पाण्यात घोडं सहज पाय घालत नाही. सगळ्यात जास्त पानं मी इथेच खर्च केली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

घोडी राजनिष्ठ दाखवण्याचा मोह आवरा. तिची निष्ठा गादीशी नाही, एका हाताशी आणि एका उंबऱ्याशी आहे. ती खरी वाटते आणि तेवढी पुरते.

शेवटी घोडं मेलंच पाहिजे असं नाही. माझ्या गोष्टीत ती पागेत पोचते, तिथे घोडी नाहीत, पण हळदहात्या रिकाम्या पागेत झोपलेला आहे. मुलं इथे विचारतात, "खरंच असं झालं का?" म्हणून गोष्टीनंतर एक पान जोडा, त्यात खरं काय आणि मी रचलेलं काय ते सरळ सांगा. लिलाव खरा, चांदणी रचलेली. हे पान टाळलं तर मूल उद्या चांदणीला इतिहासात शोधेल.

वाचून दाखवा, मग चित्रकाराकडे

खर्डा मुलांना मोठ्याने वाचा, आणि वाचताना मुलांकडे बघायला दुसरं कुणीतरी बसवा. मूल पाणी प्यायला उठलं, शेजाऱ्याला डिवचलं, की त्या ओळीला पेन्सिलीची खूण. माझ्याकडे अशा अकरा खुणा झाल्या, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी घोडी माणसासारखा विचार करत होती.

चित्रकाराला गोष्टीबरोबर कानांची यादी द्या. मागे चिकटलेले कान रागाचे, एक पुढे एक मागे म्हणजे सावध, दोन्ही सैल बाजूला म्हणजे पेंगलेले. रिकीब, मोहरकी, पिछाडी कुठे बांधतात त्याची रेखाटनं जोडा, नाहीतर आजच्या शर्यतीच्या घोड्याचं सामान चांदणीच्या अंगावर येतं. आमच्या शेवटच्या चित्रात हळदहात्या झोपलेला आहे, घोडीचं तोंड दारातून आत आलं आहे, अंगाला नदीचा चिखल आहे, आणि तिचे दोन्ही कान त्याच्याकडे वळलेले आहेत. चित्रकाराने पहिल्यांदा एकच कान वळवला होता. मी ते चित्र परत पाठवलं.